दुसऱ्या बोटीने आलेली माणसं

मॉरिशसहून मुंबईत राहायला आल्यापासून तुम्हा सगळ्यांचे प्रश्न ठरलेले आहेत. ताज बघितलंस का? कुणी हिरो-हिरॉइन दिसली का? लोकलमधून पडली नाहीस ना? पहिल्याचं उत्तर, बघितलं, पण बाहेरून. दुसऱ्याचं, नाही. तिसऱ्याचं उत्तर हा मजकूर वाचताय त्यातच आलं. राहते त्या गिरगावाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही, आणि मला सांगायचंय ते नेमकं तिथलंच.

आपण मॉरिशसची मराठी माणसं स्वतःला बाहेर गेलेली समजतो आणि मुंबईच्या लोकांना मूळची. शाळेतल्या मराठीच्या तासाला, गणपतीच्या मंडपात, सगळीकडे हाच सूर: खरं काय ते तिकडे, आपल्याकडे उरलंसुरलं. मीही हेच डोक्यात घेऊन चर्नी रोड स्टेशनला उतरले होते. ज्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट आहे त्या काकूंना पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्ही मूळच्या गिरगावच्याच ना?" काकू हसल्या. "मूळची? अगं, आमचं गाव लांज्याकडे. सासरे आगबोटीने आले भाऊच्या धक्क्याला, हातात एक वळकटी."

मग लक्षात आलं की या चाळीत कुणीच मूळचं नाही. कुणी राजापूरचं, कुणी गुहागरचं, कुणी सावंतवाडीचं. खोली मुंबईत आणि 'घर' गावाला. गणपतीला, शिमग्याला घरी जायचं म्हणजे कोकणात जायचं, मग जन्म इथल्याच हॉस्पिटलात झालेला का असेना. रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या ज्या गरिबीने आपल्या खापरपणज्यांना मुंबई बंदरातून पोर्ट लुईला, मजूर जिथे उतरायचे त्या आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्यांशी नेऊन उतरवलं, तिनेच यांच्या आजोबांना गिरणीत, छापखान्यात, पेढीवर आणून बसवलं. फरक बोटीचा. आपली लांब गेली, यांची जवळ.

हे एकदा डोक्यात बसलं की गिरगाव वेगळंच दिसायला लागतं. अस्सल काय आहे ते शोधायचं मी सोडून दिलं. कुणी काय बरोबर आणलं आणि इथे ते कसं टिकवलं, हे बघत हिंडायला लागले.

आधी खाणं, कारण त्याशिवाय तुम्ही पुढे वाचणार नाही. ठाकूरद्वारला फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम आहे. नावावरून वाटतं काढे मिळत असतील, पण मिळते मिसळ. सकाळी टेबलापाशी अनोळखी माणसांबरोबर बसावं लागतं. समोरचे आजोबा पेपर वाचता वाचता आपल्या ताटलीकडे बघतात आणि न विचारता सांगतात, "आधी तर्री चाखा, मग पाव मोडा." पुढे पणशीकरांकडे पीयूष. आपल्याकडच्या आलुदाच्या, त्या थंड दुधाच्या सवयीने मी त्यात सब्जा शोधला. नसतो. श्रीखंड पातळ करून त्यात जायफळ-केशर घातल्यासारखी चव, आणि एका ग्लासात जेवण झाल्यासारखं वाटतं. वडापावाचं मला फार अप्रूप वाटलं नाही, हे इथे मोठ्याने बोलायची सोय नाही. पावात लोणी लावून गातो पिमां, म्हणजे डाळीची तिखट भजी, दडपून खात मोठी झालेली मुलगी वडापाव बघून थक्क कशी होणार?

मासे खायला खानावळी आहेत, पण जुनी माणसं विषय काढतात ती खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमाचा. ते बंद झालंय. तरी तिथल्या तिसऱ्या, तिथली कढी, आणि जास्त वेळ बसलं तर मालक कसे उठवायचे, हे सगळं मला इतक्यांदा ऐकवलंय की मीच तिथे जेवून आल्यासारखी बोलते.

एका रविवारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात डाळपुरी केली. हरभऱ्याची डाळ शिजवून, पाणी पूर्ण निथळून, हळद आणि भाजलेलं जिरं घालून कोरडी वाटली. काकू ओट्याला टेकून बघत होत्या. पुरणयंत्र त्यांनीच काढून दिलं होतं, त्यामुळे पुढचं त्यांना ठाऊक होतं. डाळीत मीठ पडल्यावर त्यांचा धीर सुटला. "अगं, गूळ राहिला!" गूळ नसतोच म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की परक्या देशात आपली पोरं काय काय खात असतील, हा सगळा विचार तिच्यात मावला होता. पुऱ्या लाटल्या पातळ, तव्यावर तेल सोडून भाजल्या. त्यांच्याबरोबर आपली मोठ्या पांढऱ्या वालांची करी आणि रुगाय, म्हणजे टोमॅटोचा मसालेदार सॉस, हवा, पण ते वाल मला इथे मिळेनात. काकूंनी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं, भाजलेल्या खोबऱ्याचं. तेच डाळपुरीवर घालून दुमडलं. पोर्ट लुईच्या बाजारातल्या लोकांनी मला माफ करावं, पण वालांपेक्षा ते सरस लागलं. काकूंच्या नातवाने चार खाल्ल्या आणि पाचवीला केचप मागितला.

खोताच्या वाडीत मी नेहमी जाते, पण फोटो काढायला नाही. फोटोवाल्यांना तिथले लोक विटलेत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही व्हरांड्यात भाजी निवडत बसलाय आणि कुणी लग्नाआधीचं फोटोशूट करायला तुमच्या जिन्यावर चढतंय, असं रोज झालं तर तुम्हीही दार लावून घ्याल. लाकडी जिने बाहेरून, कौलारू छपरं, रंगीत कठडे, बोळात एक क्रूस. अठराव्या शतकाच्या शेवटी इथल्या खोताने जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या, त्यातून ही वस्ती उभी राहिली. कधीकाळी ६५ घरं होती म्हणतात, आता तिशीही भरत नाही. बाकीच्यांच्या जागी काय आलं ते मान वर केली की दिसतं.

ईस्ट इंडियन म्हणजे मराठी बोलणारे ख्रिस्ती, मुंबई-ठाणे-वसईचे. म्हणजे या सगळ्या वस्तीत खरोखर इथले म्हणावेत तर हेच. त्यांच्यातल्या एका आंटींची आणि माझी ओळख मसाल्यावरून झाली. पाऊस सुरू व्हायच्या आत त्यांच्याकडे वर्षाचा बॉटल मसाला होतो. मिरच्या दोन-तीन जातींच्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, गहू, हरभरा डाळ, दगडफूल, नागकेशर. वीसच्या वर जिन्नस, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची करपायची वेळ वेगळी. मग कुटायचं आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत भरायचं. भरताना बाटलीत काठी घालून ठासत राहायचं, हवा राहता कामा नये. आंटींनी बाटली उलटी धरून दाखवली, कणही हलला नाही. "हवा राहिली की पोरकिडे," त्या म्हणाल्या. आपल्याकडे अजून काही घरांत रोश कारीवर ताजा मसाला वाटतात हे सांगितल्यावर त्यांना पाटा केवढा, वरवंटा गोल की चपटा, सगळं जाणून घ्यायचं होतं. मी आजीच्या घरचा फोटो दाखवला. त्या फोटोत आजी आहे, पण आंटींनी झूम केला तो दगडावर.

गणपतीत मी मुद्दाम गावी कुणाबरोबर गेले नाही, इथेच राहिले. केशवजी नाईक चाळीतला गणपती बघायचा होता. १८९३ साली मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो या चाळीत, आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळक इथे येऊन गेले. एवढं नाव म्हटल्यावर मी रांगा, बॅरिकेड्स, डीजे अशी तयारी करून गेले. तर अंगणात लहानशी मूर्ती, मुलांच्या स्पर्धा, आरतीला चाळीतली माणसं. पालखीतून येतो, पालखीतून जातो. आपल्या कास्कावेल गावच्या देवळातला उत्सव आठवला, तेवढाच मेळ, तेवढीच ओळखीची माणसं. मोठ्या मूर्ती बघायच्या तर निकदवरी लेनमध्ये गिरगावचा राजा आहे, शाडूचा, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण माझा जीव चाळीतल्याच गणपतीत रमला. आपल्याकडे गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते, हे मात्र काकूंना अजून खरं वाटत नाही. "चिनी, फ्रेंच, मुसलमान, सगळ्यांना?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

कलेचं विचाराल तर ज्याला त्याला काळा घोडा सुचतो. जहांगीर आर्ट गॅलरीत जाते मी, १९५२ पासून आहे आणि तिकीट लागत नाही. फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सवही पाहिला. गर्दीत चित्रापेक्षा चित्रासमोर उभे राहिलेले लोक जास्त दिसले. रॉयल ऑपेरा हाउस मात्र आतून एकदा बघाच. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्‌घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. बालगंधर्व तिथे गायले. १९९३ ला बंद पडलं आणि २०१६ ला पुन्हा उघडलं. सोनेरी नक्षी, लाल खुर्च्या, बॉक्समध्ये बसायची हौस. तिकीट परवडेल त्या दिवशी.

त्याहून मला रस्त्यावरची रांगोळी जवळची. पाडव्याची शोभायात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते. नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका तुम्ही इंटरनेटवर पाहिल्याच असतील. पण आदल्या रात्री काय चालतं ते बघायला हवं. रस्ता झाडून धुतात. खडूला दोरी बांधून भलंमोठं वर्तुळ काढतात. मग मुठीत रांगोळी घेऊन पाची बोटांच्या फटींतून एकदम सोडतात, हात न थांबवता, त्यामुळे समांतर रेषा एका फटक्यात उमटतात. एक मुलगी कॉलेजची बॅग पाठीला तशीच ठेवून कमरेत वाकून तासभर एकाच कडेवर काम करत होती. सकाळी त्यावरून ढोल-ताशा पथकं जाणार आणि दहा मिनिटांत सगळं पुसणार, हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, वाईट नाही वाटत? "पुढच्या वर्षी डिझाइन बदलता येतं ना," ती म्हणाली आणि गुलाबी रंगाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मी फक्त भरायचं काम केलं, रेषेला हात लावू दिला नाही तिने.

आता खरी गोष्ट. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह आहे. संघ १९३५ चा. चाळीतल्या एका दादाने सांगितलं, कोकणातल्या मंडळींचा शक्ती-तुऱ्याचा सामना आहे, येतेस का? मी हो म्हटलं ते कुतूहलापोटी. पडदा उघडला. मध्ये बुवा, ढोलकी, झांज. भोवती एका पायात चाळ बांधलेली पोरं. गण सुरू झाला, पोरं वाकून एक पाय पुढे टाकत फिरायला लागली, आणि मी खुर्चीत सरळ बसले. ही आपली झाकरी! चतुर्थीच्या रात्री आपले काका-मामा ज्या चालीवर फिरतात, तीच गिरकी, तोच मध्येच बसून उठायचा झटका. इथे याला जाखडी म्हणतात, कुणी बाल्या नाचही म्हणतं.

फरक होतेच. इथे दोन पक्ष असतात, शक्तीवाले आणि तुरेवाले. एक शक्तीला मोठं म्हणणार, दुसरा शिवाला. एकाने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचं, आणि उत्तर आलं नाही की प्रेक्षकांतून शिट्ट्या. बुवांनी समोरच्या पार्टीच्या शर्टांच्या रंगावरूनही टोमणा मारला, त्यावर सगळ्यात मोठा हशा. आपल्याकडे हे सवाल-जबाब मी कधी ऐकले नाहीत, गण-गौळण आणि नाच तेवढा. शिवाय इथे कीबोर्ड आलाय. गौळणीच्या मध्येच चालू सिनेमाच्या गाण्याची चाल घुसते. तरुण पोरांना ती आवडते, मागच्या रांगेतले आजोबा तोंड वाकडं करतात. मी आजोबांच्या बाजूची.

संपल्यावर दादाने मला विंगेत नेलं. बुवा घाम पुसत चहा पीत होते. मॉरिशसला हाच नाच आहे म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मोबाइलवर गेल्या चतुर्थीचा व्हिडिओ लावला. बुवांनी कप खाली ठेवला, आवाज वाढवायला सांगितला आणि डोळे मिटून ठेका ऐकला. मग पोरांना हाक मारली. "अरे, हे बघा, यांच्याकडे ढोलकी बघा कशी वाजते. ही जुनी चाल आहे. माझ्या आजाकडे होती." एका पोराने विचारलं, यांच्याकडे कीबोर्ड नाही? "म्हणून तर राहिलं," बुवा म्हणाले. पोरं हसली. कीबोर्डवाला हसला नाही.

तर आता तुमच्याकडे काम आहे. व्हिडिओत गाण्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, मागे कुणाची तरी मुलं ओरडतायत आणि मध्येच आपला एक काका कुणाला तरी जेवायला बोलावतोय. बुवांना शब्द हवेत. कास्कावेलकडच्या, किंवा कुठल्याही गावच्या, जुन्या मंडळींपैकी कुणाला गण-गौळण तोंडपाठ असेल तर बसवून रेकॉर्ड करून मला पाठवा. कडवी मागेपुढे झाली तरी चालेल, शब्द मोडके असले तरी चालेल, सुधारू नका. फक्त घरातला पंखा बंद करा आणि टीव्हीही. बुवा शिमग्याला गावी जाणार आहेत, त्याच्या आधी पोचलं पाहिजे.