ब्रेमेनचा चौक, सकाळच्या उन्हात

जर्मनीतल्या जुन्या चौकांचे फोटो काढायचे असतील तर दुकानं उघडायच्या आत तिथे पोहोचावं, हे माझं ठाम मत आहे. एकदा का खुर्च्या-टेबलं बाहेर आली, छत्र्या उघडल्या आणि सहलीचे जथे गाइडच्या मागून येऊ लागले की चौकाची मांडणी झाकून जाते. आणि ब्रेमेनच्या मार्क्टप्लाट्झमध्ये, म्हणजे बाजारचौकात, तर ती मांडणीच बघायला जायचं. तिथे कोण कोणाकडे तोंड करून उभं आहे, यात सहाशे वर्षांचं राजकारण आहे.

सप्टेंबर महिना होता. रात्री पाऊस पडून गेला होता आणि फरसबंदीचे दगड ओलेच होते. डोम्सहाइडेला ट्राममधून उतरले, डोमच्या, म्हणजे सेंट पेट्री कॅथीड्रलच्या, दोन उंच मनोऱ्यांखालून पुढे गेले आणि चौकात आले. झाडूवाली गाडी नुकतीच फिरून गेली असावी. एक सायकलवाला सोडला तर कोणी नव्हतं.

चौकाच्या मधोमध म्हणावा असा रोलांड, सम्राट शार्लमेनच्या दंतकथांमधला वीर, उभा आहे. दगडी योद्धा, हातात उपसलेली तलवार. नुसता पुतळा साडेपाच मीटरचा. मागचा खांब आणि वरची दगडी छत्री धरली तर दहा मीटरच्या वर. आधी इथे लाकडी रोलांड होता. १३६६ मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी तो जाळला. शहराने १४०४ मध्ये दगडाचा उभारला आणि त्याचं तोंड नेमकं डोमकडे, आर्चबिशपच्या दाराकडे केलं. ढालीवर लिहिलं आहे की सम्राट कार्लने, म्हणजे शार्लमेनने, या शहराला दिलेलं स्वातंत्र्य मी जाहीर करतो. आमच्यावर तुमची सत्ता नाही, हे इतकं रोखठोक सांगणारा दगड मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

फोटोसाठी यात मोठी सोय आहे. सूर्य डोमच्या पाठीमागून वर येतो. आधी बराच वेळ रोलांड डोमच्या सावलीत असतो, मग ऊन मनोऱ्यांच्या बाजूने सरकत येतं आणि थेट त्याच्या चेहऱ्यावर पडतं. मी ७०–२०० मिमीची लांब लेन्स लावून वाट बघत होते. आधी कुरळे केस उजळले, मग कपाळ, मग ओठांवरचं ते बारीकसं हसू. एक्स्पोजर थोडं खाली घेतलं की मागच्या भिंती काळोखात जातात आणि चेहरा एकटा पुढे येतो.

मग मी गुडघ्यांवर बसून त्याचे पाय टिपले. चिलखताच्या दोन्ही गुडघ्यांवर टोकदार अणी आहेत. त्यांच्यातलं अंतर म्हणजे ब्रेमेनचा एक हात, साधारण ५५ सेंटीमीटर. कापडाचं जुनं माप ते हेच. आणि दोन पावलांच्या मध्ये, नीट वाकल्याशिवाय दिसणार नाही असं, एका माणसाचं डोकं आणि हात कोरलेले आहेत. दंतकथा अशी, की काउंटेस एमाने शहराला कुरणासाठी जमीन द्यायचं कबूल केलं: एक माणूस दिवसभरात जेवढ्या जमिनीला फेरी मारील तेवढी. जमिनीवर डोळा असलेल्या तिच्या दिराने त्यासाठी मुद्दाम एक पांगळा निवडला. तो गडी सरपटत निघाला आणि संध्याकाळपर्यंत अफाट माळ घेरून आला. मला तर अख्ख्या चौकात हाच सगळ्यात जवळचा वाटला. त्याच्या बोटांवर ऊन पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.

रोलांडच्या बाजूला राटहाउस, म्हणजे नगरभवन. मूळ इमारत १४०५ ते १४१० मधली. तिचा दर्शनी भाग ल्यूडर फॉन बेंटहाइमने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नव्याने घडवला. रोलांड आणि ही इमारत २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडत राहिले आणि तरीही हे दोघं वाचले, हे डोळ्यांसमोर ठेवून कमानींखालून चालावं. दुसऱ्या कमानीवर पिल्लांसह कोंबडी धरलेली एक स्त्री कोरली आहे. कोंबडीच्या मागोमाग गेलेल्या कोळ्यांनी हे शहर वसवलं, अशी कथा आहे. सकाळी या बाजूला सावली असते आणि मऊ उजेडात कोरीवकामातलं पीसन्‌पीस दिसतं.

कोपऱ्यावर वळलं की ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले वादक: गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, सगळ्यात वर कोंबडा. गेरहार्ड मार्क्सचं हे ब्राँझ १९५३ मधलं. गोष्टीत ही मंडळी ब्रेमेनला पोहोचतच नाहीत. शहरानेच त्यांना आणून बसवलं. गाढवाचे पुढचे पाय लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखे चकचकीत केले आहेत. इच्छा मागायची तर दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरायचे. एकाच हाताने धरला तर एक गाढव दुसऱ्याशी हात मिळवतंय, असं ब्रेमेनकर म्हणतात.

नऊच्या सुमाराला पहिला जथा आला आणि गाढवापुढे रांग लागली. राटहाउसच्या दर्शनी भागावर थेट ऊन हवं असेल तर दुपारनंतर यावं, कारण त्याचं तोंड नैर्ऋत्येला आहे. रोलांडसाठी मात्र सकाळच हवी, आणि सोबत थोडी लांब लेन्स.