मुकाट्याने दाखवलेले कणीस

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातील घरात नव्याची पंचम होते. घरचा कर्ता पुरुष सकाळीच शेतात जाऊन नुकत्याच पोसवलेल्या भाताची कणसे घेऊन येतो, गणपतीपाशी त्यांची पूजा होते आणि मग एकेक कणीस दाराच्या चौकटीला, देव्हाऱ्याला, तांदळाच्या डब्याला बांधले जाते. यंदा स्कूटरच्या आरशाला बांधायचे कणीस माझ्या वाट्याला आले. दाणा नखाने दाबला तर आतून पांढरे दूध आले, इतके ते कोवळे होते. या सगळ्याचा अर्थ आजीने आम्हाला कधी सांगितला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही.

ते कणीस हातात असतानाच डिमीटरची आठवण झाली. धान्याच्या या ग्रीक देवतेचे मुख्य क्षेत्र अथेन्सपासून सुमारे वीस किलोमीटरवरचे एल्युसिस. तेथील दीक्षाविधी हजाराहून अधिक वर्षे चालला. ग्रीक भाषा येणारा आणि हातून मनुष्यहत्या न झालेला कोणीही, स्त्री असो वा गुलाम, ही दीक्षा घेऊ शकत असे. मात्र आत काय पाहिले ते बाहेर सांगणाऱ्याला मृत्युदंड होता. इसवी सनपूर्व ४१५ मध्ये आल्किबायडीस या बड्या सेनानीवर या विधीची घरी नक्कल केल्याचा आरोप आला, तेव्हा मोहिमेवरून परत बोलावले असतानाही तो वाटेतून शत्रूच्या गोटात पळून गेला. इतक्या कडेकोट जपलेल्या रहस्याचा उलगडा तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाने एका ओळीत करून टाकला: सर्वांत वरच्या पायरीच्या साधकांना तेथे मुकाट्याने कापलेले एक कणीस दाखवतात. हिप्पोलिटस परपंथीयांवर तुटून पडणारा लेखक, त्यामुळे त्याची साक्ष जपूनच घ्यावी लागते. तरीही एवढ्या गाजावाजामागे फक्त एक कणीस निघाले म्हणून हिरमुसणारे वाचक भेटतात, तेव्हा मला त्यांचे नवल वाटते. कणीस कमी पडावे असे त्यांनी आयुष्यात पाहिले तरी काय?

या देवतेची कथा ज्या प्राचीन स्तोत्रात सविस्तर येते, त्याची एकमेव हस्तलिखित प्रत १७७७ साली मॉस्कोत सापडली. पर्सेफोनी ही डिमीटरची मुलगी. आईला न विचारता बाप झ्यूस तिला पाताळाच्या राजाला, म्हणजे स्वतःच्याच भावाला, देऊन टाकतो. मुलगी कुरणात नार्सिससचे फूल खुडायला वाकते, जमीन दुभंगते आणि रथ तिला घेऊन खाली जातो. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्याविना हिंडते, शेवटी म्हातारीच्या वेशात एल्युसिसच्या विहिरीपाशी बसते. राजवाड्यात तिच्यासमोर मद्य येते, ते ती नाकारते आणि जवाच्या पिठात पुदिन्याच्या जातीची पाने घातलेले पाणी मागून घेते. हे वाचताना मला उपाशी माणसापुढे ठेवलेला आमच्याकडचा पेजेचा वाडगाच दिसतो.

स्तोत्राचा खरा जोर मात्र यापुढे आहे. डिमीटर रडत बसत नाही, ती बियाणे जमिनीतच दडवून ठेवते. बैल नांगर ओढतात ते वाया, पांढरे जव पेरले जातात तेही वाया. माणसे मरू लागली तर नैवेद्य कोण दाखवणार, या धास्तीने देवांची पाचावर धारण बसते आणि झ्यूसला मुलगी परत पाठवावी लागते. पण तिने खाली डाळिंबाचा एक दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळात काढावा लागतो.

हा तिसरा हिस्सा म्हणजे बर्फाळ हिवाळा, असे बहुतेक पुस्तके सांगतात. स्तोत्रात ती वसंतातल्या फुलांबरोबर वर येते, त्यामुळे त्या अर्थाला आधार आहेच. परंतु ग्रीसमध्ये धान्य शरद ऋतूत पेरतात आणि मे-जूनच्या सुमारास कापतात. हिवाळ्यात शेते हिरवी असतात, करपतात ती उन्हाळ्यात. त्यामुळे मार्टिन निल्सन या स्वीडिश अभ्यासकाने पर्सेफोनीचे पाताळ म्हणजे कापणीनंतर बियाणे साठवण्याची जमिनीखालची कोठारे, असा अर्थ लावला. वैशाखातली भेगाळलेली तांबडी जमीन पाहिलेल्या गोवेकराला हा अर्थ चटकन पटतो. दीक्षाविधी होत असे तो आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, म्हणजे तिकडची पेरणी तोंडावर आलेली असताना. म्हणून मला वाटते, तेथे दाखवलेले कणीस कोठीतून वर आलेल्या बियाण्याचे होते. आमचे कणीस दुधाने भरलेले, त्यांचे वाळलेले.

त्यानंतरच्या महिन्यात थेस्मोफोरिया हा तीन दिवसांचा उत्सव असे. त्यात पुरुषांना मज्जाव होता. खड्ड्यांत टाकलेल्या डुकरांचे कुजलेले अवशेष स्त्रिया वर काढत आणि बियाण्यात मिसळत; मधल्या दिवशी उपवास असे, थट्टामस्करीही चाले. पौषात धालोच्या, म्हणजे बायकांच्या नाचगाण्याच्या, मांडावर उभी राहिलेली कोणतीही बाई थट्टेचा भाग चटकन ओळखेल, डुकरांचा नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एल्युसिस उद्ध्वस्त झाले. गावातल्या एका भग्न दगडी मूर्तीला मात्र लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत मानत होते. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क हा इंग्रज प्रवासी तेथे पोहोचला, तेव्हा ती गळ्यापर्यंत शेणखतात बुडालेली होती. ही गेली तर शेते पिकणार नाहीत, असे गावकरी सांगत. क्लार्कला याची गंमत वाटली. आश्विनात अंगणात शेणाचा धिल्लो मांडून त्यावर फुले खोचणाऱ्या आमच्या मुलींना वाटली नसती. मूर्ती हलवण्याच्या आदल्या संध्याकाळी एका बैलाने जोखडातून सुटून तिला शिंगांनी ढुशा दिल्या आणि तो हंबरत पळाला, हे क्लार्कनेच लिहून ठेवले आहे. तरीही त्याने ती नेलीच. तिला नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, पण मूर्ती वाचली आणि आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. पुढे अभ्यासकांनी ठरवले की ती डिमीटर नव्हे, देवळाच्या प्रवेशद्वाराचा भार पेलणारी एक सेविका आहे. तिच्या डोक्यावर पूजेची करंडी आहे आणि करंडीवर कणसे कोरलेली आहेत.