आमची वाटचाल : ईबुकचा दर आम्ही का पाडला नाही

ईबुक छापील पुस्तकापेक्षा स्वस्तच हवं, हे आमच्या प्रकाशनसंस्थेचं पहिल्यापासूनचं म्हणणं. कागद, प्लेटा, छपाई, बांधणी, गोदाम, वाहतूक आणि दुकानांतून परत येणाऱ्या प्रती यांवरचा जेवढा खर्च वाचतो, तेवढी किंमत उतरावी. त्याखाली नाही. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि लेखकाचं मानधन ईबुकलाही लागतंच.

एका स्पर्धकाने हे गणित धाब्यावर बसवलं. छापील किमतीच्या दहाव्या हिश्शात त्याने सगळी यादी विक्रीला लावली. त्याला परवडलं, कारण छपाईची पीडीएफ तो जशीच्या तशी चढवत होता. फोनवर पान बोटांनी मोठं करायचं आणि प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचायची! वितरक मग आमच्याकडेही तोच दर मागू लागले. आम्ही नकार दिला, तशी मागणी आटली, कागदवाल्याची बाकी थकली, पुनर्मुद्रणं अडली. संस्थेला कुलूप लागायचंच बाकी होतं. आजही तो दर आम्हाला अन्यायाचाच वाटतो.

तरलो ते आमच्या जुन्या अक्षरजुळणीकारांमुळे. पैसे थकलेले असतानाही त्यांनी ईपब, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणाऱ्या ईबुकच्या फाइली, नीट बांधून दिले. हे काम बटण दाबून होत नाही. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकलेली असते, युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतामध्ये ती व्यंजनानंतर साठवावी लागते. रफाराचं उलट: जुन्या फाइलीत तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक इथेच घसरतो, जोडाक्षरांत तर हमखास. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा पहिल्या पानापासून. ओळीअखेर शब्द तोडणारी चिन्हं काढायची, तळटिपांना दुवे द्यायचे, अनुक्रमणिका जोडायची, फाइल ईपबचेक या ईपबमधल्या चुका शोधणाऱ्या साधनातून काढायची आणि लहान पडद्यावर अक्षर मोठं करून तपासायची. कोष्टकं आणि कविता तिथे सगळ्यात आधी मोडतात.

नव्या प्रकाशकांनी एक हिशेब मांडून पाहावाच. अ‍ॅमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेत, अमेरिकेतल्या विक्रीवर, 2.99 ते 9.99 डॉलरच्या पट्ट्यात 70 टक्के वाटा घेता येतो. त्याखाली 35 टक्केच. 2.99 ला हाती साधारण 2.09 डॉलर येतात, 1.99 ला सुमारे 70 सेंट. म्हणजे एक डॉलर उतरवला की तेवढ्याच पैशांसाठी तिप्पट प्रती खपवाव्या लागतात. 70 टक्क्यांच्या पर्यायात फाइलीच्या वजनानुसार पोचवणीचा खर्चही कापला जातो, तेव्हा छपाईसाठीची जड चित्रं तशीच ठेवू नका. आणि रूपांतराचा खर्च छापील आवृत्तीच्या खात्यात ढकलू नका. तो ईबुकच्याच अपेक्षित खपावर वाटा आणि मगच दर जाहीर करा.