मधल्या सुट्टीतले व्हिडिओ

आमच्या वर्गाने बहुतेक म्युझिक व्हिडिओ आधी ऐकले आणि नंतर पाहिले. नव्वदच्या दशकात कुठलं गाणं कधी लागेल हे आपल्या हातात नव्हतं. टीव्हीसमोर बसायचं आणि वाट पाहायची. आदल्या रात्री ज्याला काही नवं दिसलेलं असे, तो दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत राजा. बाकीचे त्याला घेरून उभे राहायचे आणि प्रश्नांनी भंडावून सोडायचे. रंगीत आहे की काळं-पांढरं? ड्रमवाला दिसतो का? शेवटी काय होतं?

शाळेने तुम्हाला काय दिलं ते लिहा, असं स्मरणिकेच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या मनात आधी हे घोळकेच आले. पाहिलेलं दुसऱ्याला दिसेल असं सांगायचं, हे मी तिथे शिकले. निबंधाच्या तासाला नाही.

आमच्यातला एक मुलगा फार सुंदर सांगायचा. 'आ-हा' या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' मी त्याच्या तोंडून ऐकलं. गाणं १९८५ चं, आमच्या आधीचं, पण अधूनमधून लागत असे. कॅफेत एक मुलगी चित्रकथा वाचत बसलेली आहे. पानावरचा नायक तिला डोळा मारतो, पानातून पेन्सिलीने काढलेला हात वर येतो, आणि तो हात धरून ती चित्रात शिरते. त्याने हे सांगताना स्वतःचा हात असा काही पुढे केला की समोरची मुलगी दचकून मागे सरली. पुढे मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा मला सगळी दृश्यं ओळखीची वाटली. नवी होती ती फक्त रेषेची थरथर. स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने आधी माणसांवर साधं चित्रीकरण केलं, आणि मग मायकेल पॅटरसन व कँडेस रेकिंजर यांनी त्यातल्या सुमारे ३,००० चौकटी हाताने रेखाटल्या. प्रत्येक चौकट वेगळी काढलेली, म्हणून रेषा थरथरते. ते कळल्यापासून मला हाताने केलेल्या कुठल्याही कामाबद्दल आदर वाटतो.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खाली गाण्याचं नाव, गायक, अल्बम आणि कंपनी अशा ओळी यायच्या. त्या आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेत होतो. १९९२ च्या अखेरीपासून एमटीव्ही या संगीतवाहिनीने त्यात दिग्दर्शकाचंही नाव द्यायला सुरुवात केली. यामागे कुणीतरी बसलेलं असतं, प्रकाश कुठून यावा हे कुणीतरी ठरवलेलं असतं, हे मला त्या एका जादा ओळीने समजलं. आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या 'लूझिंग माय रिलिजन'मधला तो काळोख आणि एका बाजूने अंगावर पडणारा सोनेरी उजेड (१९९१, दिग्दर्शक तरसेम सिंग) इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या चित्रांवरून आलेला आहे. काराव्हाज्जो मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी तिथे भेटला.

सगळेच व्हिडिओ असे नव्हते, हेही सांगायला हवं. धुराचे लोट, वाऱ्यावर उडणारे केस आणि कड्याच्या टोकावर उभा गिटारवादक यांच्यापलीकडे काहीच नसलेले कितीतरी लागत. ते सांगायलाही कुणी उभं राहत नसे.

एक मात्र कुणालाच सांगता आला नाही. आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचा 'नथिंग कम्पेअर्स टू यू', १९९० चा. 'काय होतं त्यात?' 'चेहरा.' 'आणि?' 'चेहराच. ती गाते. मग रडते.' ऐकणाऱ्यांची निराशा झाली. पण ज्याने ज्याने तो नंतर पाहिला, तो दुसऱ्या दिवशी गप्प होता. दिग्दर्शक जॉन मेबरीने पॅरिसच्या बागेतली काही दृश्यं त्यात घेतली आहेत, पण लक्षात राहतो तो काळ्या पार्श्वभूमीवरचा चेहरा आणि गालावरून ओघळलेले दोन अश्रू. ते खरे होते. गाण्यात आईचा उल्लेख येतो, आणि तिची आई १९८५ मध्ये अपघातात गेली होती. २०२३ मध्ये तिच्या निधनाची बातमी आली, तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी तोच चेहरा पुन्हा पाहिला आणि एकमेकांना फोन केले. फोनवरही फार बोलणं झालं नाही.

आता भौतिकशास्त्राच्या सरांबद्दल. 'जमिरोक्वाय' या ब्रिटिश बँडचं 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' १९९६ मध्ये आलं आणि वर्गात दोन तट पडले. एका बंद खोलीत गायक नाचतो आहे, पायाखालची जमीन सरकते आहे, काही सोफे तिच्याबरोबर वाहत जातात आणि काही जागचे हलत नाहीत. एक तट म्हणे, जमिनीखाली सरकता पट्टा आहे. दुसरा म्हणे, सगळं कॉम्प्युटरचं काम. भांडण तासाला सुरू राहिलं आणि सरांच्या कानावर गेलं.

सरांनी तो व्हिडिओ पाहिलेला नव्हता. रागावले नाहीत. एकाला उभं केलं आणि म्हणाले, 'नीट सांग. भिंती आणि कॅमेरा यांच्यात अंतर बदलतं का?' तो म्हणाला, 'नाही सर.' मग सरांनी टेबलावर एक वही ठेवली, तिच्यावर खडूच्या डब्याचं झाकण उपडं घातलं आणि झाकण हळूहळू सरकवलं. 'आता तुम्ही या झाकणाला चिकटलेले आहात असं समजा. तुम्हाला काय सरकताना दिसेल?' वर्गातून एकदम आवाज आला, 'वही!' सरांनी फळ्यावर लिहिलं: स्थिर, पण कशाच्या संदर्भात?

उत्तर अगदी बरोबर होतं. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझरने जमीन जागच्या जागी ठेवली होती. भिंती चाकांवर होत्या, माणसं त्या ढकलत होती आणि कॅमेरा भिंतींबरोबर हलत होता. जे सोफे स्थिर दिसतात ते खरं तर भिंतीबरोबर फिरत होते. या व्हिडिओला १९९७ मध्ये एमटीव्हीचा वर्षातील सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार मिळाला, आणि ग्लेझर पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. पण मला त्याच्याइतकंच सरांचं कौतुक वाटतं. न पाहिलेली गोष्ट त्यांनी एका मुलाच्या वर्णनावरून उलगडली. त्या मुलाने ती तितकी नीट पाहिली होती, हेही तितकंच खरं. मधल्या सुट्टीत आम्ही त्याला तसं पाहायला लावलं होतं.

व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्डिंगही आम्ही करत होतो. गाणं ओळखून बटण दाबेपर्यंत पहिले काही सेकंद निघून जात, त्यामुळे कित्येक गाण्यांची सुरुवात मी मोठेपणी ऐकली. २००५ मध्ये यूट्यूब आलं आणि ते सगळे सेकंद परत मिळाले. मला त्याचा मनापासून आनंद आहे. वाट पाहण्याचं मला काही कौतुक नाही. हवं ते हवं तेव्हा पाहता येणं चांगलंच. मला उणीव भासते ती घोळक्याची. हल्ली आपण मित्राला लिंक पाठवतो आणि सांगायचं राहून जातं.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळेला एक विनंती. नववीच्या वर्गाला महिन्यातून एक तास द्यावा. चार विद्यार्थ्यांनी दुसऱ्या खोलीत एक व्हिडिओ पाहावा, येऊन वर्गाला सांगावा, वर्गाने हवे तेवढे प्रश्न विचारावेत, आणि मग सर्वांनी मिळून तो पडद्यावर पाहावा. पहिल्या तासाला 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' घ्यावं, सोबत खडूचा डबाही. ओ'कॉनरचा शेवटी, मुलं सांगण्यात तरबेज झाल्यावर. सुरुवातीचे तास घ्यायला मी आनंदाने येईन.