सोळा बरोबर, तरी शून्य

स्मरणिकेसाठी 'शाळेची एखादी आठवण लिहा' असा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवले ते सातवीच्या घटक चाचणीत न मिळालेले दोन गुण.

प्रश्न अगदी साधा होता. 4 सेमी बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ काढा. मी लिहिले, 4 + 4 + 4 + 4 = 16. शेजारच्याचेही उत्तर 16. त्याला दोन गुण, मला भोपळा! पेपर घेऊन मी तावातावाने सरांकडे गेलो. सर म्हणाले, "बाजू 5 घे बरं." माझ्या रीतीने 20 आले, शेजारच्याच्या रीतीने 25. "तू कडेकडेने फिरून आलास," सर म्हणाले, "आत पाऊलच टाकलं नाहीस."

बाजू पूर्ण संख्यांत असतील तर परिमिती आणि क्षेत्रफळाचा आकडा जुळणारे आयत दोनच निघतात : 4 बाय 4 चा हा चौरस, आणि 6 बाय 3 चा आयत, ज्यात दोन्हीकडे 18 येतात. हे मला फार पुढे कळले. एवढ्या आकृत्यांतून पेपरात नेमका तोच चौरस यावा!

दुसऱ्या दिवशी सर दोऱ्याची गुंडाळी घेऊन आले. प्रत्येक बाकाला 24 सेमी घेराचे एक कडे, चार टाचण्या आणि एकेक सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद. कडे ताणून आयत करायचा आणि आतल्या चौकटी मोजायच्या. आमच्या बाकावर 11 बाय 1 चा लांबुडका आयत झाला, आत 11 चौकटी. मागच्यांचा 10 बाय 2, त्यांच्या 20. कुणाच्या 27, कुणाच्या 32, कुणाच्या 35. 6 बाय 6 चा चौरस करणाऱ्या मुलींच्या 36. दोरा सगळ्यांचा सारखाच, मग ही जागा वाढली कुठून? वर्गात इतका गलका झाला की शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. मग सरांनी तेच कडे गोल मांडायला लावले. कडेच्या तुटक्या चौकटींपैकी अर्ध्याहून मोठ्या धरायच्या, लहान सोडायच्या. कुणाला 45 मिळाल्या, कुणाला 47. सूत्राने 45.8 चौसेमी येते. दोरा एकच असेल तर वर्तुळाइतकी जागा दुसरी कुठलीच आकृती कवेत घेत नाही.

मला मात्र त्याहून जास्त चक्रावून टाकले ते कात्रीने. 6 बाय 6 च्या कागदाचा एक कोपरा सरांनी 2 बाय 2 चा कापून टाकला. क्षेत्रफळ 36 चे 32 झाले, परिमिती मात्र जागची हलली नाही, 24 च. मग तेवढाच तुकडा कोपऱ्याऐवजी कडेच्या मधोमध कापला. क्षेत्रफळ पुन्हा 32, पण परिमिती 28! कागद कमी झाला आणि कड वाढली. मी घरी जाऊन तीन वह्यांची पाने कापली. त्याबद्दल जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.

वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र मी कधी पाठ केले नाही, आणि हे मी मिरवतो. जाड कागदाच्या वर्तुळाच्या 16 पाकळ्या कापून एक उलटी, एक सुलटी अशा शेजारी शेजारी लावल्या की जवळजवळ आयत होतो. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या. पाकळ्या जितक्या बारीक, तितका तो आयत नीटस. अर्धा परीघ गुणिले त्रिज्या, संपले काम.

7 सेमी त्रिज्येच्या वर्तुळावरून मात्र आमचे भांडण झाले. परिघाला व्यासाने भागून येणाऱ्या आकड्यासाठी, म्हणजे π (पाय) साठी, 22/7 घेणाऱ्यांचे 154 चौसेमी, 3.14 घेणाऱ्यांचे 153.86. खरे कुणाचे? "कुणाचंच नाही," सर म्हणाले. 499 साली आर्यभटाने व्यास 20,000 असेल तर परीघ 62,832 असे दिले, म्हणजे 3.1416. तरी श्लोकात 'आसन्न', म्हणजे जवळपास, हा शब्द घालायला तो विसरला नाही. π कुठल्याच अपूर्णांकात नेमका बसत नाही, हे 1761 मध्ये लँबर्ट या गणितज्ञाने सिद्ध केले.

वर्षाच्या शेवटच्या तासाला सरांनी विचारले, "पृथ्वीला विषुववृत्तावर दोरी घट्ट गुंडाळली, साधारण 40,000 किलोमीटर. तिला फक्त एक मीटर जोड दिला आणि सगळीकडून सारखी उचलली, तर किती वर येईल?" केसाइतकी, असे आम्ही एकमुखाने सांगितले. सरांनी फळ्यावर जोडलेल्या 100 सेमीला 6.28 ने, म्हणजे π च्या दुपटीने भागले. जवळपास 16 सेमी. पृथ्वीची त्रिज्या त्या गणितात कुठेच आली नाही. "मग चेंडूभोवती, सर?" मी विचारले. "तू सांग," म्हणून त्यांनी डस्टर उचलला.

संध्याकाळी मी 20 सेमी व्यासाच्या चेंडूचा घेर दोऱ्याने मोजला, त्यात 100 सेमी जोडले, तो दोरा चेंडूभोवती गोल मांडला आणि मधल्या फटीत पट्टी धरली. सोळाला जरासे कमी भरले.