वेगवान कोर्स कशाला म्हणावे

गेल्या आठवड्यात सावंतवाडीहून भाच्याचा फोन आला. पुढच्या वर्षी पहिली पूर्ण अंतराची ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे यांची सलग स्पर्धा) करण्याचे त्याच्या मनात आहे, आणि त्यासाठी त्याने देशोदेशीच्या स्पर्धांच्या कोर्सवरील, म्हणजे मार्गांवरील, चढांचे आकडे एका तक्त्यात मांडून ठेवले होते. "मावशी, ज्या कोर्सला चढ सगळ्यांत कमी तो सगळ्यांत फास्ट, बरोबर ना?" असे त्याने विचारले. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

माझ्या मते सपाटपणा हा वेगाचा एक भाग आहे आणि तोही सर्वांत मोठा नाही. ज्या मार्गावर एकदा लागलेली लय मोडत नाही, तो मार्ग वेगवान. 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर धावणे एवढा पल्ला असताना शरीराला पुन्हा पुन्हा थांबवून पुन्हा वेगात आणणे हेच सर्वांत महाग पडते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातले रोथ. 1996 साली लोथर लेडर याने पूर्ण अंतराची ट्रायथलॉन पहिल्यांदा आठ तासांच्या आत संपवली ती येथेच, आणि 2024 साली माग्नस डिटलेव्ह याने 7 तास 23 मिनिटे 24 सेकंद, तर आन हाउग हिने 8 तास 2 मिनिटे 38 सेकंद अशी वेळ नोंदवली तीही येथेच. रोथचा सायकलमार्ग मात्र सपाट मुळीच नाही. सोलारर बेर्ग नावाचा त्याचा चढ तर प्रसिद्धच आहे. तेथे प्रेक्षकांची एवढी गर्दी लोटते की सायकलस्वाराला माणसांच्या भिंतींमधल्या चिंचोळ्या वाटेतून वर जावे लागते. मग वेळ कशी साधते? पोहणे माइन-डॅन्यूब कालव्यात असते, जेथे लाटा नाहीत आणि दिशा चुकण्याची भीतीही नाही, कारण काठ सतत डोळ्यांसमोर असतो. पाणी बहुधा वेटसूट (पोहताना घालायचा निओप्रीन रबराचा पोशाख) घालता येईल इतके थंड असते. सायकलचे रस्ते गुळगुळीत आहेत आणि धावण्याचा बराच भाग कालव्याकाठच्या सपाट वाटेवर आहे. चढ आहेत, पण त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या अर्ध्यापर्यंत साथ देतो.

आता वाऱ्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तक्त्यात वारा दिसत नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला कॉजवे हा माझा नेहमीचा सरावाचा रस्ता आहे. सुमारे 3 किलोमीटर, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि चढ म्हणाल तर शून्य. भाच्याच्या तक्त्यात हा रस्ता पहिला आला असता. पहाटे मतलई वाऱ्यांच्या वेळी तो खरोखरच वेगवान असतो. पण सकाळ चढली आणि खारे वारे सुटले की पणजीच्या दिशेने येताना एरो बारवर (पुढे वाकून हात टेकवण्याच्या हँडलवर) कितीही वाकले तरी तोच रस्ता संपता संपत नाही. जातानाचा फायदा आणि येतानाचा तोटा सारखाच होईल, असे वाटणे साहजिक आहे. हिशेब मात्र तसे सांगत नाही. 90 किलोमीटर ताशी 30 च्या वेगाने कापले तर 180 मिनिटे लागतात. वाऱ्यामुळे 45 किलोमीटर जाताना वेग 35 झाला आणि येताना 25 झाला, तर जायला 77 आणि यायला 108, म्हणजे एकूण 185 मिनिटे. कारण साधे आहे: वारा समोर असताना आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. चढ-उतारांचेही असेच आहे. त्यातच हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने आणि त्याला लागणारी ताकद घनाने वाढत असल्यामुळे उतारावर कितीही जोर लावला तरी चढावर गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

यू-टर्नही असाच लय मोडतो. प्रत्येक वळणाला ब्रेक, संथ फेरा आणि पुन्हा उभे राहून वेग घेणे यांत माझ्या घड्याळाप्रमाणे 10 ते 12 सेकंद जातात. पण सेकंदांपेक्षा मांड्यांवर येणारा तो अचानक ताण अधिक बोचतो, आणि त्याचा हिशेब धावताना चुकवावा लागतो.

रस्त्याच्या पृष्ठभागाकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाळ्यानंतर खडी उघडी पडलेल्या डांबरावर टायर सतत थरथरत राहतो, पायांतून आलेली ताकद त्या थरथरीत विरून जाते, आणि तासाभराने हाताच्या बोटांना मुंग्या येतात. दोन वर्षांपूर्वी एका लांब सरावात अशाच एका पट्ट्यावर सीटमागच्या पिंजऱ्यातून माझी पाण्याची बाटली उडाली आणि रस्त्याकडेच्या गवतात गेली. तिच्यात पुढच्या दीड तासाचे मीठ आणि साखर होती. मागे वळून ती शोधण्यात चार मिनिटे गेली. त्या दिवसापासून मी टायरमधली हवा थोडी कमी ठेवते आणि बाटलीला रबराचा पट्टा बांधते.

पोहण्याचा भाग एकूण वेळेत लहान असला तरी तुलना सर्वांत जास्त फसते ती येथेच. 2021 साली मेक्सिकोतील कोझुमेल येथे क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट याने 7 तास 21 मिनिटे 12 सेकंद अशी अफाट वेळ दिली, परंतु त्यातले पोहणे 40 मिनिटांच्या आत झाले होते, कारण समुद्राचा प्रवाह पोहणाऱ्यांना पुढे नेत होता. त्याच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र ती वेळ रोथच्या वेळेशेजारी ठेवताना प्रवाहाची आठवण ठेवलीच पाहिजे. आमच्याकडे 2019 साली भारतातली पहिली आयर्नमॅन 70.3, म्हणजे निम्म्या अंतराची ट्रायथलॉन, मिरामारला झाली. तेथील किनारा मांडवीच्या मुखाशी असल्यामुळे भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय तेथील पोहण्याबद्दल काहीच बोलता येत नाही. पाणी कोमट असते. हौशी स्पर्धकांसाठी वेटसूटची मर्यादा 24.5 अंश सेल्सियस आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपला समुद्र तिच्या बराच वर असतो. त्यामुळे निओप्रीनमुळे मिळणारा तरंगण्याचा फायदा येथे मिळत नाही. खाऱ्या पाण्याची थोडी मदत होते, तेवढीच.

राहिली उष्णता. येथे एक गोष्ट आश्चर्याची आहे. 10 अंशांच्या हवेपेक्षा 30 अंशांची हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ असते, आणि दमट हवा आपल्याला जड वाटली तरी कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. म्हणजे तेवढ्याच ताकदीत गोव्यातल्या सकाळी सायकल थोडी जास्त वेगाने जाते. मिळालेली ही मिनिटे धावताना व्याजासह परत द्यावी लागतात. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. मिरामारहून दोनापावलाकडे धावताना सावलीचा एखादा तुकडा आला की पाय आपोआप हलके होतात, आणि काबोकडे वर जाणाऱ्या उन्हातल्या रस्त्यावर तेच पाय शिशाचे होतात. म्हणून धावण्याच्या मार्गाचा मी विचार करते तेव्हा आधी झाडे किती, बर्फ आणि पाणी किती किलोमीटरवर, आणि तेथे पोहोचेपर्यंत ऊन कुठवर आलेले असेल, हे पाहते, चढ त्यानंतर.

भाच्याला मी तक्त्यात सहा रकाने वाढवायला सांगितले आहे: पाण्याचे तापमान, प्रवाह, वाऱ्याची दिशा आणि वेळ, रस्त्याचा पृष्ठभाग, यू-टर्नची संख्या, आणि धावण्याच्या मार्गावरची सावली. येत्या रविवारी तो पणजीला येतो आहे. पहाटे साडेपाचला आम्ही कॉजवेवर चार फेऱ्या मारू आणि दहा वाजता त्याच ताकदीत आणखी चार. दोन्ही वेळांचे आकडे तो स्वतःच्या हाताने लिहील.