आमची वाटचाल : आईबाबांचं घर हलवताना

म्हातारी माणसं मुलांकडे राहायला निघाली की त्यांचं घर हलवून द्यायचं, आणि निघण्याआधी त्यांना आपल्या जुन्या जागा फिरवून आणायच्या, हे आमचं काम. त्याची सुरुवात एका तांब्याच्या बंबापासून झाली.

तेव्हा माझ्याकडे एकच टेम्पो होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांचं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, पोचवायचं, मधूनअधून कुणाचं घरसामान हलवायचं, एवढाच धंदा. आई-बाबा नंदगडजवळ आमच्या गावी राहायचे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आईचे गुडघे गेले, बाबांना पावसाळ्यात दम लागायला लागला, आणि दवाखाना गाठायचा तर खानापूर नाहीतर बेळगाव. म्हणून दोघांना बेळगावात टिळकवाडीत, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आणायचं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत दादा पुण्याहून आणि ताई ठाण्याहून मुलाबाळांसकट आले. चार दिवस हातात. दोन दिवसांत घर आवरायचं आणि उरलेल्या दोन दिवसांत मुलांना गोकाकचा धबधबा, हलशी आणि बेळगावचा किल्ला दाखवायचा, असा बेत होता.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं भावंडं घरावर तुटून पडलो. माळा रिकामा केला, फडताळं उपसली. दुपारी दारावरून मोडवाला जात होता. ताईनं त्याला हाक मारली आणि परसातला बंब मोडीत घातला. फ्लॅटमध्ये गीझर आहे, बंब ठेवायचा कुठं, हे तिचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्या बंबाच्या पाण्यानं आईनं आम्हा तिघांना न्हाऊ घातलं होतं. आई काही बोलली नाही. उंबऱ्यावर जाऊन बसली. "मी हितंच बसतो, तुम्ही करा काय करतासा ते," एवढंच म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'मी बसतो, मी येतो' असंच बोलतात.) रात्री ती जेवली नाही, आणि बाबांनीही ताट बाजूला सारलं.

मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत मी कितीतरी घरं हलवली होती, पण उंबऱ्यावर बसलेल्या माणसाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

सकाळी मोटरसायकल काढून खानापुरात त्या मोडवाल्याला शोधलं. घेतलेल्या पैशांपेक्षा जास्त देऊन बंब परत आणला. एका बाजूनं चेपला होता, पण शाबूत होता. घरी येऊन दादाला म्हणालो, आज एकही खोकं भरायचं नाही. आज आई-बाबांना घेऊन फिरायला जाऊ, आणि कुठं जायचं ते बाबा सांगतील.

बाबांनी पहिलं नाव हलशीचं घेतलं. कदंबांची ही जुनी राजधानी, भूवराह नरसिंहाच्या देवळात समोरासमोर दोन गाभारे. आम्ही लहानपणी शाळेच्या सहलीला तिथं गेलो होतो. पण नोकरीच्या सुरुवातीला बाबा टपालाची पिशवी सायकलला लावून याच रस्त्यानं फिरायचे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या वळणावर पावसाचं पाणी चढायचं, कुठल्या घरी मनीऑर्डर दिली की ताक मिळायचं, ते नातवंडांना दाखवत होते. येताना नंदगडला, कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. इंग्रजांनी 1831 साली त्यांना इथं फाशी दिलं. बाबांनी ती हकिकत नातवाला आधी मराठीत सांगितली आणि मग तिथल्या एका म्हाताऱ्याशी कन्नडमध्ये बोलत बसले. पुण्यात वाढलेला माझा पुतण्या आजोबांच्या तोंडचं कन्नड पहिल्यांदाच ऐकत होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी स्वतःहून कपाट उघडलं. हे बरोबर न्यायचं, हे शेजारी द्यायचं, हे राहू दे. आईनं उखळ आपल्या हातानं शेजारच्या वहिनींना दिलं, वर हळदकुंकू लावून. दोन दिवसांत हलेल की नाही अशी धास्ती वाटत होती ते घर दीड दिवसात हललं. जाताना कुणी रडलं नाही असं नाही, पण आई स्वतःच्या पायांनी येऊन गाडीत बसली.

हे काम असंच करायचं, हे मला तिथंच कळलं. पुढं निपाणीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याचं काम आलं. त्यांची मुलं नाशिकला आणि बंगळूरला. मुलांना मी सांगितलं की चार दिवस काढून या, सामान आमची माणसं भरतील, तुम्ही आई-वडिलांबरोबर फिरा. ते आधी कां-कूं करत होते. पण एकाचं काम बघून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, अशी चिकोडी, हुक्केरी, शहापूर, वडगाव इथली घरं येत गेली. आज दोन गाड्या आहेत, पाच माणसं आहेत, आणि कागदपत्रांची बाजू माझी बायको सांभाळते.

एक चूक मात्र मोठी झाली, ती सांगायलाच हवी. एका कुटुंबाला गोकाकचा धबधबा भरलेला बघायचा होता. घटप्रभा तिथं 52 मीटरवरून कोसळते, आणि पावसाळ्यात ते पाणी लाल मातीनं गढूळ होऊन येतं. दृश्य खरंच बघण्यासारखं. म्हणून मी जुलैत काम घेतलं. धबधबा त्यांनी डोळे भरून बघितला, पण ताडपत्रीतून पाणी शिरून दोन गाद्या आणि आजींच्या पोथ्यांची पेटी भिजली. गाद्या मी नव्या करून दिल्या, पोथ्या कुठून देणार? तेव्हापासून आषाढ-श्रावणात आम्ही घर हलवत नाही. बऱ्याच घरांत शेवटचा गणपती जुन्याच घरी बसवायचा असतो, आणि पितृपक्षात कुणी घर सोडत नाही. त्यामुळं दसऱ्यानंतरचे दिवस सगळ्यात बरे. पाऊस गेलेला, रस्ते सुकलेले आणि गोकाकला थोडंफार पाणी उरलेलं.

कुठं न्यायचं ते म्हातारी माणसं ठरवतात, आम्ही फक्त पायऱ्या मोजून ठेवतो. राजहंसगडावर गाडी वरपर्यंत जाते, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनाही तो गड बघता येतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन देवळात, छताला कोरलेलं दगडी कमळ बघायला मान वर करावी लागते, म्हणून आम्ही टेकायला घडीची खुर्ची नेतो. काँग्रेसच्या अधिवेशनासाठी खोदलेल्या टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपाशी एक आजोबा बराच वेळ उभे होते. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एकाच अधिवेशनाला, 1924 च्या बेळगावच्या. त्या आजोबांचे वडील तेव्हा शाळकरी पोर होते आणि गर्दीत गेले होते. ही गोष्ट त्यांच्या मुलीनं साठीला आल्यावर पहिल्यांदा ऐकली.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण त्यात हयगय झाली तर वर्षभर हेलपाटे पडतात. आमच्याकडे घर-जमिनीचे उतारे कन्नडमध्ये असतात आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना ते वाचता येत नाहीत. म्हणून कुठला कागद कशाचा ते मराठीत लिहून चिठ्ठी लावतो. गॅसचं सिलेंडर आणि रेग्युलेटर परत करून व्हाउचर घ्यायचं, ते विसरलं तर नव्या गावी कनेक्शन अडतं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात असतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांपैकी ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि डिजिटल दाखला देशात कुठूनही चालतो, हे ऐकून खूपजणांचा जीव भांड्यात पडतो. वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागत नाही. तरी महाराष्ट्राच्या हद्दीवर कोगनोळीला गाडी थांबवली तर दाखवायला सामानाची यादी आणि मालकाच्या सहीचं पत्र चालकाजवळ ठेवतो. औषधांची पिशवी कधीच टेम्पोत चढवत नाही, ती माणसांबरोबर जाते.

नव्या घरी सगळ्यात आधी पलंग लावतो. जुन्या घरात भिंत ज्या हाताला होती त्याच हाताला ठेवतो, आणि बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा. म्हातारं माणूस रात्री अर्धवट झोपेत उठतं ते जुन्याच घराच्या सवयीनं, आणि तिथंच पाय घसरतो. त्यानंतर देव्हारा, मग चहाचं आधण. बाकीची खोकी दुसऱ्या दिवशी उघडली तरी चालतात. निघताना बरोबर कुंदा, ही बेळगावची मिठाई, आणि चिरमुऱ्याचं पोतं देतो. नव्या शेजाऱ्यांकडे जायला आजींच्या हातात काहीतरी असलं म्हणजे ओळख लवकर होते.

आमचा बंब टिळकवाडीच्या गॅलरीत आहे. आईनं त्यात तुळस लावलीय, चेपलेली बाजू भिंतीकडे करून.

या दसऱ्यानंतर जांबोटीकडचं एक काम घेतलंय. आजी-आजोबा मुलाकडे ठाण्याला चाललेत. काय काय बघायचं म्हणून विचारलं, तर आजोबांनी वहीत सगळ्यात वर कणकुंबी लिहिलं. मलप्रभा जिथं उगम पावते तिथलं पाणी त्यांना एका तांब्यात भरून बरोबर न्यायचंय. तांब्याला घट्ट झाकण बसवून आणायला मी कालच सांगितलंय.